अप्पांच्या टाकीतलं पाणी निळं का व्हायचं

कोळत्तूरच्या शोभेच्या माशांच्या बाजारात त्या संध्याकाळी एका माणसाने समुद्र प्यायला.

अख्खा नव्हे, अर्धी बाटली. मिरची भज्जीने तोंड पेटलेलं, डोळ्यांना धारा, आणि समोर अण्णाचींच्या दुकानाच्या काउंटरवर उभी पाण्याची बाटली. उचलली, लावली तोंडाला... तिसऱ्या घोटाला चेहऱ्याचा रंग पालटला आणि उरलेलं पाणी फरशीवर सांडलं.

"अय्यो! माझं आहे ते!" कयलविळी ओरडली.

"मीठ..." तो खोकत म्हणाला, "जरा जास्त पडलंय."

"टाकीतलं पाणी आहे ते! तपासायला आणलेलं. त्यात मासे राहतात."

"राहतात म्हणजे... सगळं तिथेच?"

"मग काय, त्यांना संडास बांधून देऊ?"

अण्णाची पोट धरून हसले. कयल मात्र रिकाम्या बाटलीकडे बघत राहिली, आणि तिचे ओठ थरथरायला लागले. त्या तरुणाचं खोकणं तिथेच थांबलं.

"माझं नाव मुगिलन," तो हळूच म्हणाला. "शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. घरी माझीही टाकी आहे. तुमचं पाणी मी संपवलं, तर तपासूनही मीच देतो. चालेल?"

चालण्या-न चालण्याचा प्रश्नच नव्हता. खाऱ्या पाण्याची ती काचेची टाकी कयलच्या अप्पांची, म्हणजे वडिलांची होती. अप्पा गेले, आणि त्यानंतर त्यांचं लाडकं प्रवाळ सुकायला लागलं. एरवी संध्याकाळी पोपटी बोटं बाहेर काढून डुलायचं. आता मूठ आवळून बसलेलं, कडेने पांढरं पडत चाललेलं. कयल रोज अप्पांच्याच काचनळीत पाणी घ्यायची, तपासणीच्या रसायनाचे थेंब टाकायची, आणि पाणी गर्द निळं व्हायचं. निळं म्हणजे फॉस्फेट जास्त; थोडं असलं तर प्रवाळाचं खाणं, फार झालं तर विष. मग ती ते शोषून घेणारं औषध टाकायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा निळं. पुन्हा औषध.

अम्माने निकाल देऊन टाकला होता. "भोगीच्या दिवशी जुनं घराबाहेर काढतात. अण्णाची येऊन टाकी घेऊन जातील. एका घरात दोनदा मरण बघायची ताकद नाही गं माझ्यात."

भोगीला महिनासुद्धा उरला नव्हता.

रविवारी मुगिलन आला. अम्माने रीतीप्रमाणे अप्पांच्या फोटोपुढची विभूती त्याच्यापुढे धरली. त्याने चिमूट घेतली, कपाळावर तीन बोटं ओढली आणि गंभीर चेहऱ्याने टाकीसमोर बसला. नळीत पाणी, पाण्यात थेंब, नळीच्या तोंडावर अंगठा, आणि हलवाहलवी.

पाणी निळं झालं.

"शाईचं दुकान उघडा," तो म्हणाला.

"सर, विनोद नको. उपाय सांगा."

"सर म्हणू नका. वर्गात बसल्यासारखं वाटतं."

"मग काय म्हणू? समुद्रप्राशन ऋषी?"

तो हसला... आणि तिच्याही ओठांची एक कड, कितीतरी दिवसांनी, आपली आपणच वर गेली. तिने लगेच मान वळवली.

बाटली भरून तो शाळेत घेऊन गेला. तिथल्या प्रयोगशाळेत पाणी काचेसारखं स्वच्छ निघालं. त्याला वाटलं, आपण चुकलो. त्याने रसायनाच्या बाटल्यांना शिव्या घातल्या, मुलांना घातल्या, शेवटी स्वतःला घातल्या. तीनदा केलं. तीनदा स्वच्छ.

पुढच्या रविवारी तो दारातूनच म्हणाला, "तुमचं पाणी माझ्या शाळेत साधू असतं आणि घरी आलं की चोर!"

"आमच्या घराला नावं ठेवायची नाहीत."

"घराला कोण ठेवतंय? घरात तर मला... कॉफी मिळते."

तेवढं बोलायला त्याने मध्ये एवढा श्वास का घेतला, हे कयलने विचारलं नाही. अम्मा विभूती घेऊन आलीच होती. कपाळ, टाकी, नळी, थेंब, अंगठा. निळं.

त्याने अंगठा काढला. कयलची नजर तिथेच अडकली. अंगठ्याच्या रेषांमध्ये पांढरी राख होती. बारीक, नळीच्या पाण्याने अर्धी धुतलेली.

"हात धुवा," ती म्हणाली.

"काय?"

"साबणाने. धुवा ना!"

तो धुऊन आला. नळी विसळली, पुन्हा पाणी, पुन्हा थेंब. पाणी स्वच्छ राहिलं. अगदी स्वच्छ.

"विभूती... म्हणजे शेणाची राख," मुगिलन पुटपुटला. "फॉस्फेट असणारच तिच्यात... आणि मी रसायनशास्त्र शिकवतो! उद्यापासून भूगोल घेतो."

कयल हसली नाही. ती स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होती. अप्पा गेल्यापासून रोज दिवेलागणीला ती आधी त्यांच्या फोटोसमोर जायची. विभूती लावायची. मग तोच हात घेऊन टाकीकडे यायची.

"पाण्यात काहीच नव्हतं," ती म्हणाली. "आणि मी रोज औषध ओतत होते. त्याचं खाणं काढून घेत होते... मीच उपाशी मारलं त्याला."

"कयल—"

"अप्पांना रोज भेटायचे हो मी. म्हणून."

एवढ्याला कसलंही रसायन पुरत नाही, हे त्या मास्तरला कळलं. त्याने औषधाची बाटली उचलून स्वतःच्या पिशवीत टाकली आणि ती रडून होईपर्यंत शेजारी बसून राहिला. स्वयंपाकघरात अम्माने भांडी जरा जास्तच वाजवली.

नंतर औषध बंद. मुगिलन दर दोन-तीन दिवसांनी यायचा. आधी मोरीवर, मग टाकीपाशी. प्रवाळ मूठ सोडेना. कयल जेवताना टाकीकडे पाठ करून बसायची.

भोगीच्या सकाळी गल्लीत जाळायला काढलेल्या जुन्या चटयांचा धूर होता. अण्णाची दोन माणसं आणि टेम्पो घेऊन आले. "चला अम्मा, पाणी उपसायला घेऊ."

अम्मा टाकीसमोर गेली. हात जोडावेत म्हणून वाकली, आणि तशीच राहिली.

"कयल... हे काय गं?"

पांढऱ्या कडेच्या आत, अगदी खालच्या बाजूला, एक पोपटी बोट बाहेर आलं होतं. शेजारी दुसरं, त्याहून छोटं. पाण्याबरोबर हलत होतं.

अम्माने काचेला हलकेच बोट लावलं. मग पदराने नाक पुसून म्हणाली, "अण्णाची, कॉफी घ्या आणि टेम्पो परत न्या. भाडं मी देते."

"अम्मा, मी भोगीच्या दिवशी दुकान बंद ठेवून—"

"साखर किती?"

अण्णाचींनी दोन्ही माणसांना टेम्पोकडे परत पाठवलं.

मुगिलनही सकाळीच आला होता; आता तो टाकीपाशी उभा होता. नळी हातात, पण रिकामी. "आता तुम्हाला बरोबर तपासता येतं," तो म्हणाला. "म्हणजे... मी यायची तशी गरज राहिली नाही."

"नाही राहिली."

"हो ना." त्याने नळी पुसली. पुसलेली पुन्हा पुसली. "मला मात्र... इथे यायची सवय लागलीय. टाकीची नव्हे. ती माझ्या घरीही आहे."

कयलने त्याच्या हातातली नळी काढून घेतली आणि फळीवर ठेवली. अम्माच्या चुलीवरून दुधाचा वास येत होता, धुराने डोळे चुरचुरत होते. की नुसतेच चुरचुरत होते, कोण जाणे.

"उद्या पोंगल आहे," ती म्हणाली. "ये."

त्या 'ये'ने मास्तर हादरला. "पाणी... तपासायला?"

"नाही," कयल म्हणाली, आणि या वेळी तिने मान वळवली नाही.