झीजवाचन

डॉ. मृणाल चिपळूणकरने पडद्यावरचा खांदा फिरवून पाहिला. सांधेवाताने वाटी पार खरवडली होती.

"ही नुसत्या वाताची झीज नाही," जैवअभियंता इनामदार म्हणाला. सांध्यावरचे चरे वाचून हाताने आयुष्यभर काय केलं ते सांगणारं झीजवाचन त्याचंच. जी हालचाल सर्वाधिक, तिच्या मापाने कृत्रिम सांधा घडवायचा, ही इथली पद्धत. "हात डोक्यावर, मग जोरात खाली. हजारो वेळा."

"कारखान्यात फिटर होता. घण मारला असेल."

"घणाचा हादरा उलटा खांद्यात येतो. इथे तसे चरे नाहीत. हा हात मऊ गोष्टीवर थांबलाय. साडेचार फुटांवर."

बाहेर बाकावर सर्जेराव खोत बसला होता. हात कशासाठी हवा, या प्रश्नाला त्याने 'देवाला जोडायला' असं उत्तर दिलं होतं. शेजारी बायको हौसाबाई, उंचीने जेमतेम साडेचार फूट. मृणालने तिला एकटीला आत बोलावून पाठ पाहिली. वळांशिवाय बोटभर जागा नव्हती.

"वरीसभर हात वर जात न्हाई त्यांचा," हौसाबाई म्हणाली. "तेवढंच वरीस सुखाचं गेलं. आता तुमी नीट करनार."

मृणालचं डोकं सणकलं. नाही म्हणावं तर हा नराधम दुसरीकडे जाणार. तिने आराखडाच बदलला: घास तोंडाशी जाईल, पण हात खांद्याच्या वर कधीच उठणार नाही. त्याच्या डाव्या हाताची बोटं कारखान्यातल्या यंत्रात आधीच गेलेली होती. शस्त्रक्रियेत तिने हाडाचा गोळा करवतीने उडवला आणि नव्या सांध्याचा खुंटा हाडात ठोकताना हातोडा गरजेपेक्षा जोरात घातला.

चार वर्षांनी हौसाबाई आली. तिचा उजवा खांदा आखडला होता. मागून सर्जेराव, एक डोळा सुजून मिटलेला.

"चरे ताजे आहेत," पडद्यावरचा तिचा खांदा पाहून इनामदार कुजबुजला. "वरून खाली, मऊ गोष्टीवर. उंची अडीच फूट. जेवायला बसलेल्या माणसाएवढी."

मृणालने हौसाबाईकडे पाहिलं.

"घरी गेल्यावर हात उगारला त्यांनी. आडकला," हौसाबाई शांतपणे म्हणाली. "पयल्यांदाच मी डोळं उघडं ठिवलं. शेजारी बत्ता व्हता. आता माजाबी हात वर जायला पायजे, डॉक्टर."

नातेवाइकाच्या सहीसाठी मृणालने कागद पुढे केला. सर्जेरावने पेन धरलं, पण सही करेना.

"बाई," तो हलक्या आवाजात म्हणाला, "मला बसवलासा, त्योच सांधा हिलाबी बसवा."