नितळ पाण्यातले मासे गेले कुठे?

"पाणी नितळ! गढूळपणा शून्य! गावकऱ्यांचे अभिनंदन!"

पाणकावळा नावाच्या यंत्रमानवाने सकाळपासून हे सातव्यांदा सांगितलं, तेव्हा सगुणाने कपाळावर हात मारला. जंगलातला कोरंडी ओढा काचेसारखा स्वच्छ होता खरा, पण त्यात एक मासा नव्हता. दगडांवर शेवाळसुद्धा नव्हतं.

साल होतं २०६८. ओढ्याच्या वरच्या अंगाला तांब्याची खाण सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. पाणी तपासायला हा यंत्रमानवही खाणवाल्यांनीच दिला होता.

"आजोबा, याला काही कळतं का हो?"

"गढूळपणा मोजायला शिकवलंय, तेवढंच मोजतो," रसायनशास्त्रज्ञ आजोबा वैतागून म्हणाले. "मी खाणवाल्यांकडे तीन अर्ज केले. उत्तर म्हणून दरवेळी याचाच अहवाल!"

घरी येऊन त्यांनी जास्वंदीची फुलं गरम पाण्यात कुस्करली. जांभळट रस निघाला. त्यात विहिरीचं पाणी घातलं, रंग बदलला नाही. ओढ्याचं घातलं, तर गुलाबी लाल!

"म्हणजे आम्ल? लिंबासारखं?"

"हो. तांब्याच्या दगडात गंधक असतं. जमिनीखाली ते गप्प असतं. दगडांचे ढीग उघड्यावर टाकले, की हवापाण्याने त्याचं आम्ल होतं. त्यात तांबं विरघळतं (डोळ्यांना न दिसता पाण्यात मिसळतं) आणि माशांचे कल्ले (श्वास घेण्याचे अवयव) निकामी करतं. शेवाळही मरतं."

"मग बंद करा ना ती खाण!"

"तुझी आई तिथेच डंपर चालवते, बाळा. पण खाण वीसच वर्षं पगार देईल. आम्ल शंभर वर्षं झिरपेल. तेव्हा ना खाण, ना मासळी. गावाने खायचं काय?"

संध्याकाळी ग्रामसभेत खाणीचे साहेब पुन्हा अहवाल वाचू लागले. सगुणाला राहवलं नाही. तिने सगळ्यांसमोर ओढ्याच्या पाण्यात जास्वंदीचा रस ओतला. पाणी गुलाबी लाल झालं, तसं तिने आजोबांचं म्हणणं भराभर सांगितलं.

"पोरांचे खेळ!" साहेब हसले.

तेवढ्यात आई आजोबांचा अर्ज हातात घेऊन उठली.

"ढीग झाका. झिरपणारं पाणी चुन्याने शुद्ध करून मगच सोडा. खाण संपल्यावरच्या सफाईचे पैसे आत्ताच ठेवा. खाणीच्या वरच्या तळ्यात अजून मासे आहेत, त्याला हात लावायचा नाही. नाहीतर उद्यापासून माझा डंपर हलणार नाही."

पाठोपाठ अकरा चालक उभे राहिले. साहेबांचं हसू मावळलं. आठवड्याभरात करारावर सह्या झाल्या आणि ढिगांवर मातीचे थर पडू लागले.

"वरच्या तळ्यातले मासे खाली कधी उतरतील?" सगुणाने विचारलं.

"आठ-दहा वर्षं तरी लागतील."

"इतकी? बिघडवायला तीनच लागली!"

फणफणतच तिने पाण्यातलं आम्ल मारायला चुनखडीची पाटी उचलली आणि ओढ्याकडे निघाली.