मागे फिर

कीबोर्डच्या दोन बटणांमध्ये एक दात अडकला होता.

*

नव्या पैज कायद्यातलं कलम: सामना सुरू होताच पैजा बंद. चित्र आणि आवाज दोन्ही प्रेक्षकांपर्यंत काही मिनिटं उशिरा पोचतील, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची चाल बाहेरून कोणी खेळाडूला कळवू शकणार नाही. प्रशिक्षक खेळाडूशी जे बोलेल ते सगळं प्रेक्षकांना ऐकवलं जाईल.

*

"घे! सख्ख्या भावाला मारतोस? आणखी घे!"

हॉलच्या दारात सात-आठ जण एका माणसाला तुडवत होते. त्याचे हात कोपरापर्यंत लाल होते. त्यातलं त्याचं स्वतःचं रक्त किती, हे आता सांगता येत नव्हतं.

*

कायदा मंजूर होतानाचं विधिमंडळातलं भाषण: "पैजा उजेडात आणा. खेळाडूंची बोटं मोडणारे गुंड आपोआप घरी बसतील." बाकं वाजली.

*

मोठ्या पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरं: थेट.

*

पैज नियमन कार्यालयाच्या तपासनीस बाई आल्या तेव्हा प्रेत अजून खेळाच्या खोलीतच होतं. सगळे त्याला डावखुरा म्हणत. नेमबाजीच्या व्हिडिओ गेममधला देशातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. आज तो अंतिम सामना जिंकला होता. कायदा लागू झाल्यावरचा हा पहिलाच सामना.

त्याचं तोंड कीबोर्डवर आपटलं होतं, अनेकदा. मग आग विझवायच्या नळकांड्याने डोकं फोडलं होतं. डावा हात मनगटापासून चेचला होता.

"बाई, तुम्ही उगाच आलात," फौजदार म्हणाला. "सरळ केस आहे. पडद्यावर सामना संपला, हॉल नाचायला लागला आणि हा थोरला भाऊ आत धावला. बाहेर आला तो रक्ताने माखून. महिन्यापूर्वी यानेच धाकट्याचा कॉम्प्युटर गॅलरीतून खाली फेकला होता. त्यांची आईच सांगते."

"आहे कुठे तो?"

"शेजारच्या खोलीत. बरगड्या गेल्यात. रुग्णवाहिका आलीय, पण बाहेर जमाव आहे. डावखुऱ्यावर जीव टाकणारी पोरं. खुनी म्हणून बाहेर काढला तर गाडीपर्यंत पोचायचा नाही."

"मग काढू नका."

"आणि इथे ठेवला तर इथेच जाईल. डॉक्टर घाई करतायत."

बाई शेजारच्या खोलीत गेल्या. भाऊ जमिनीवर पडून होता. एक डोळा मिटला होता.

"आत का धावलात?"

"मिठी मारायला, मॅडम. जिंकला ना तो."

"मग?"

"तो टेबलावर पडलेला. उचलायला गेलो तर डोकं... हातात आलं." त्याला ठसका लागला. "रक्त गार झालेलं. चिकट."

"शेवटची फेरी कुठे पाहिलीत?"

"हॉलमध्ये, पुढच्या रांगेत. वस्ताद ओरडत होते, मागे फिर, मागे फिर. त्याने काही ऐकलं नाही. सरळ घुसला आणि जिंकला. लहानपणापासून असाच आहे."

"वस्तादांचाच आवाज? नक्की?"

"घरी येतात की ते. आवाज ओळखतो मी. अख्ख्या हॉलला ऐकू येत होता."

वस्ताद म्हणजे डावखुऱ्याचा प्रशिक्षक. बाईंनी आधी पैजखिडकीवाल्याला गाठलं. त्याची काचेची खिडकी हॉलच्या मागच्या भिंतीत होती.

"शेवटच्या फेरीत वस्ताद कुठे होते?"

"माझ्यासमोर. खिडकीला टेकून."

"ओरडत होते?"

"छे! मुठी आवळून गप्प. मी म्हटलं, वस्ताद, जरा हसा की, जिंकतोय तुमचा पोरगा. वळूनसुद्धा बघितलं नाही. एवढा गारठा हॉलमध्ये आणि अंगात नुसता टी-शर्ट."

"संघाचं जाकीट नव्हतं?"

"नव्हतं. ते जाकीट घालूनच झोपतात म्हणून आम्ही त्यांना चिडवतो."

बाईंनी फौजदाराला बाजूला घेतलं आणि खेळाची खोली छतापर्यंत उचकटून ते जाकीट शोधायला सांगितलं. मग वस्तादांना बोलावलं.

वस्ताद आले ते डोळे पुसत.

"माझ्या पोरासारखा होता हो, बाई."

"शेवटच्या फेरीत तुम्ही त्याच्याजवळ होता?"

"नाही ना! तेच तर मनाला लागलंय. छातीत धडधडायला लागलं, फेरी सुरू व्हायच्या आतच बाहेर आलो. हॉलमध्ये उभं राहून पाहिली. शंभर लोक सांगतील."

"सांगतायत. तुम्ही गप्प होता, असंही सांगतायत."

"जीव मुठीत धरून उभा होतो."

"मग 'मागे फिर' कोण ओरडत होतं?"

वस्तादांचा रुमाल डोळ्यावरच राहिला.

फौजदार म्हणाला, "बाई, एक म्हणतो ओरडत होता, दुसरा म्हणतो गप्प होता. कोणीतरी खोटं बोलतंय."

"दोघंही खरं बोलतायत. पडद्यावर 'थेट' लिहिलंय म्हणून आपण फसलो. हॉलला दिसतं ते आधी घडून गेलेलं असतं. डावखुरा तिकडे जिंकला, तेव्हा हॉलमध्ये शेवटची फेरी सुरूही झाली नव्हती. भाऊ तेव्हा पुढच्या रांगेत बसला होता. लोक डावखुऱ्याला खेळताना बघत होते, आणि तो आत मरून पडला होता."

"पण वस्ताद..."

"हेडफोनवरून 'मागे फिर' म्हणाले ते आत, त्याच्या पाठीशी उभे राहून. म्हणजे शेवटच्या क्षणापर्यंत आतच होते. तो हरावा म्हणून त्याला मागे खेचत होते. त्याने ऐकलं नाही. तो जिंकला आणि यांचं डोकं फिरलं. बाहेर आले तर हॉल अजून सामना बघतोय! आयती साक्ष. खिडकीला टेकून उभे राहिले. इतकी वर्षं खेळाडूच्या मागे उभं राहण्यात गेली. आपला आवाज हॉलमध्ये कसा घुमतो, ते यांनी आज पहिल्यांदा ऐकलं. तोवर उशीर झाला होता. चित्रासारखाच आवाजही मागून येतो."

दारात पोलीस उभा राहिला. हातात संघाचं जाकीट. छताच्या फळीमागे कोंबलेलं, बाह्या रक्ताने कडक झालेल्या.

वस्तादांनी रुमाल खिशात ठेवला. आवाज एकदम कोरडा झाला.

"मेहुण्याच्या नावाने याच्या हरण्यावर पैज लावली होती. त्याला म्हटलं होतं, एकदाच हर. मान डोलावली साल्याने. जिंकल्यावर हेडफोन काढला आणि माझ्याकडे बघून हसला. हसला, बाई!"

फौजदाराने त्यांची मान धरून भिंतीवर आपटली. बाईंनी अडवेपर्यंत नाक फुटलं होतं.

"ते नंतर," बाई म्हणाल्या. "आधी भोंगा घ्या आणि बाहेर जाऊन नाव सांगा. मोठ्याने. त्याशिवाय स्ट्रेचर हलायचं नाही."

फौजदाराने दोनदा सांगितलं. पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसला नाही. मग जमाव फाकला. तुडवणाऱ्यांपैकी एकाने स्ट्रेचरचा दांडा धरायला हात पुढे केला. भावाने मिटला नव्हता त्या डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं, तसा तो मागे सरला.

रुग्णवाहिकेचं दार लागलं.

डावखुऱ्याचा सामना भावाने त्याआधी कधीच पाहिला नव्हता. पुढच्या रांगेचं तिकीट डावखुऱ्यानेच सकाळी त्याच्या उशाशी ठेवलं होतं.