विसावी नोंद

निमगावच्या शिवारात फवारणी करायची की नाही, हे आता श्वासमापक ठरवायचा. हरभऱ्यावर अळ्या किती, एवढं मोजून भागत नाही. त्यातल्या किती आधीच मरणाच्या वाटेला लागल्या आहेत, हे कळायला हवं. घाटे अळी वरून धडधाकट दिसते, खाते, चालते. आत मात्र कुणाला बुरशी लागलेली असते, कुणाला विषाणू, कुणाच्या अंगात माशीचं अंडं. आत शिरलेलं ते मरण श्वासात उतरतं. डॉ. नझमा तांबोळींचं डब्याएवढं यंत्र तो श्वास हुंगायचं आणि एकेका अळीपुढे कारण लिहायचं. क्वचित कुठे ‘निरोगी’. म्हणजे ही पतंग होणार.

नमुने गोळा करायचं काम शुभदाचं. दर दहा पावलांवर एक झाड फडक्यावर झटकायचं, पडतील त्या अळ्या यंत्रासमोर धरायच्या. तिची सात महिन्यांची लेक पिहू बांधावर झोळीत, आणि शुभदाचा एक डोळा सतत तिकडे.

“मॅडम, अळ्या एकोणीस आहेत. यंत्र वीस म्हणतंय.”

“परत मोजा.”

“तीनदा मोजल्या.”

डॉक्टरांनी फडक्याकडे पाहिलं. “शुभदाताई, आपल्या फडक्यावर बदकं कधीपासून आली?”

“पांढरं दवानं भिजलं होतं. म्हणून पिहूचं दुपटं घेतलं. धुतलेलं होतं हो!”

डॉक्टर हसल्या आणि मधेच यंत्राकडे वळल्या. नमुने घेणाऱ्याचा श्वास यंत्राला ओळखीचा होता, तो वजा व्हायचा. दुपट्यात मुरलेला पिहूचा नव्हता. माणसाचं मरण वाचायला कायद्यानं बंदी होती, म्हणून अनोळखी माणसाची ओळ यंत्र न दाखवताच पुसून टाकी, अळ्यांच्या ओळीही त्याच फेरीत जात, आणि दुबार मोजणी नको म्हणून एकदा हुंगलेली अळी यंत्र पुन्हा घेत नसे. बेरीज मात्र आधीच होऊन गेली होती.

एकूण वीस. मरणार एकोणीस. निरोगी एक.

शुभदाला गणित समजावून सांगावं लागलं नाही.

“म्हणजे एकतर या एकोणीसही मरणार, नाहीतर...”

“तसा विचार करू नका.”

“मग कसा करू? सांगा ना! दुपटं परत धरू?”

“चुकून झालं ते माफ. जाणूनबुजून केलं तर गुन्हा. शिवाय मी...” डॉक्टर अडखळल्या. “मला ते वाचायचं नाही.”

तालुक्याच्या दवाखान्यात पिहूला काही निघालं नाही. पण यंत्राला कळतं ते दवाखान्याला कळेपर्यंत वर्षं जातात, हे शुभदा स्वतःच शेतकऱ्यांना सांगत आली होती.

तिने एकोणीस अळ्या घरी आणल्या. या अळ्या एकमेकींना खातात, म्हणून एकोणीस डब्या. प्रत्येकीत रोज ताजे घाटे. सासूबाई म्हणाल्या, “अगं, लोक या मारतात आणि तू भरवतेस?” शुभदा पुढच्या डबीत घाटे टाकत राहिली. अळी उपाशी मेली तर ते यंत्रानं वाचलेलं मरण नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पहिली काळी पडून लोंबली: विषाणू. मग दोघींवर बुरशीची पांढरी लव चढली. एकीच्या पोटातून हिरवट किडा निघाला आणि तिच्याच शेजारी त्यानं इवलासा कोष विणला. शुभदा पाहतच राही. एवढं सगळं त्या बोटभर हिरव्या देहात चालू होतं, आणि शिवारात अशा लाखो. एक मादी हजारभर अंडी घालते. त्यातली दोन उरतात, म्हणून जग हिरवं आहे. तिच्या अंगावर काटा आला. भीतीचा, पण नुसता भीतीचा नव्हे.

अठरा संपल्या. एकोणिसावी डबीतल्या मातीत शिरली आणि तपकिरी कोष झाली.

डॉक्टर रोज येऊन बसू लागल्या. दोघी चहा घेत, कोषाकडे बघत. पिहू रांगत येई, डबीला हात घाली, आणि शुभदा “नको गं बाळा” म्हणून तिला उचलून छातीशी घट्ट धरी.

नवव्या दिवशी कोष हलला. शुभदानं श्वास रोखला. एका टोकाला भोक पडलं आणि त्यातून ओली, पांढरी, बिनपायाची अळी सरपटत बाहेर आली.

“माशीची आहे!” डॉक्टर ओरडल्या. “शुभदाताई, माशीची! पतंग नाही!”

शुभदा हसता हसता रडली. तो बुळबुळीत जीव तिनं तळहातावर घेतला. इतकं सुंदर तिनं काही पाहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले.

“मॅडम, माझ्या जावेचा मुलगा पाच महिन्यांचा आहे. उद्या नमुन्याला चुकून त्याचं दुपटं आलं तर?”

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. “आणि शेवटी पतंग निघाला तर?”

शुभदानं पिहूच्या जावळातून हात फिरवला.

“तर जावेला सांगायचं नाही.”