खडीच्या धुळीत

भोसरीतला कारखाना बंद पडला आणि मी बायकोला, रत्नाला, घेऊन आळेफाट्याला परत आलो. दोन हजार एक साल असेल. तेव्हा माणसं ढीगभर आणि काम कुठंच नाही. फाट्याबाहेरच्या खडी क्रशरवर भरती आहे असं कळलं, म्हणून सकाळी डबा घेऊन निघालो.

फाटकाशी संपवाले बसले होते. त्यांना मजुरी वाढवून हवी होती. मालक म्हणायचा, बाहेर दुसरी माणसं उभी आहेत.

ती दुसरी माणसं म्हणजे मी.

म्हातारा जानकू हलक्या आवाजात म्हणाला, "भाऊ, तुमची अडचण कळती आमाला. पण वर चढू नका. आमचा गेणू अजून कामावं हाय..."

मला वाटलं, त्यांच्यातलाच एक जण फुटला असेल.

मुकादमानं मला वर, क्रशरच्या तोंडाशी उभं केलं. अडकलेला दगड पहारीनं आत लोटायचा. मशीन सुरू झालं आणि करड्या धुळीत ऊनसुद्धा दिसेनासं झालं. दगडावर दगड घासल्याचा जळका वास नाकात बसला.

मग पलीकडं दुसरी पहार वाजू लागली. धुळीत एक वाकलेली पाठ दिसली. सोबत आहे म्हणून मला बरं वाटलं.

"गेणूभाऊ?" मी ओरडलो.

पहार थांबली. एवढ्या घरघरीत आवाज अगदी कानाशी आला... "मजुरी ठरवली का?"

"नाय..."

"मग चढलास कशाला?"

कुणीतरी माझा दंड धरला. हात गारठलेला. त्यानं मला मागं ओढलं, आणि मी उभा होतो ती फळी कडकन मोडून मशीनच्या तोंडात गेली.

मशीन बंद झालं. धूळ खाली बसली. वर मी एकटाच होतो.

"गेणू कुठं गेला?" धावत वर आलेल्या मुकादमाला मी विचारलं. तो खाली उतरला, तो पुन्हा वर आलाच नाही.

फाटकाशी जानकूनं मला पाणी पाजलं. "तिथनंच पडला गेणू. गेल्या महिन्यात. वर कठडा नव्हता... दगडासंगंच गेला."

मी त्यांच्यातच बसलो. पण संप काही मिटला नाही. मालकानं मशीन उखडून नगरकडं नेलं आणि आम्ही सगळेच मोकळे झालो.

दिवाळी झाली तरी मला काम नव्हतं. एका दुपारी फाट्यावर चहा घेत होतो. शेजारी एक अनोळखी ड्रायव्हर येऊन बसला. त्याचा ट्रक त्याच मालकाच्या नव्या क्रशरवर होता.

"काम पायजे का, राव?" तो म्हणाला. "वरची जागा रिकामीच हाय. तिथं एक जण हाय, कुणाला टिकूच देत न्हाई. म्हणतो, मजुरी ठरली की जयवंत येणार हाय..."

मी कप खाली ठेवला. माझं नाव मी त्याला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी क्रशरवरही ते कुणी विचारलं नव्हतं.