अकरा नंबरची रिकामी जागा

कर्जतजवळच्या त्या फार्महाऊस योजनेत बंगले चौदा आणि वस्तीला माणूस एक, पहारेकरी हिरू. मालक मुंबईहून वर्षातून दोनदा येत. उरलेले दिवस कॅमेरे बंद दारांकडे डोळे लावून बसत. एवढ्या बघण्याने ऑफिसातल्या संगणकाची डिस्क तुडुंब भरून रेकॉर्डिंग थांबलं होतं.

"शनिवारी मालक येतायत. रेकॉर्डिंग बंद दिसलं, तर तुझं काम दुसऱ्याला," व्यवस्थापक देवव्रतने फोनवर सांगितलं. खोपोलीहून संगणक दुरुस्तीला आलेल्या अनुपमकडे मोठं म्हणावं असं हे एकच काम होतं.

खऱ्या संगणकाच्या पोटात एक आभासी, नुसत्या प्रोग्रॅमने उभा केलेला संगणक चालत होता आणि सगळं चित्रण त्यात साठत होतं. कितीही पुसा, आतला म्हणे जागा रिकामी, बाहेरचा म्हणे भरलेलीच. उपाय एकच: रिकाम्या जागेवर शून्यं लिहायची आणि मग डिस्क आवळायची, म्हणजे ती शून्यं गाळून लहान करायची.

"काय काय पुसू, हिरूदादा?"

"अकरा नंबरचं पूस रं. बांधल्यापास्नं तिथं कोन फिरकलाच नाय."

अनुपमने अकराचं सगळं चित्रण पुसलं, शून्यं लिहिली, डिस्क आवळली. दुपारपर्यंत ती निम्म्यावर आली. कॅमेरे सुरू झाले. त्याने खुर्चीत अंग टाकलं. हिरूने स्टोव्हवर चहा ठेवला.

पडद्यावर चौकटी उमटल्या. दहा, बंगला. बारा, बंगला. अकरात भाताचं खाचर. घोटाभर पाणी, हिरवीगार रोपं.

अनुपम दारात गेला. मे महिन्याने सगळीकडचं गवत करपलं होतं. दहा आणि बाराच्या मधोमध खाचर चकाकत होतं. ओल्या चिखलाचा वास आला.

त्याने देवव्रतला फोन लावला. "साहेब, तो अकरा नंबर..."

"कुठला अकरा? ते शेत कुणी विकलंच नाही. आपले बंगले तेरा. रेकॉर्डिंग चालू आहे ना? मग सुटलो!"

अनुपमला, खरं सांगायचं तर, हायसंच वाटलं. जो बंगला कधी नव्हताच, त्याचा जाब कोण विचारणार?

तो परत पडद्यापाशी आला. बांधावर एक म्हातारा उभा होता.

"हिरूदादा, हा कोण?"

हिरू बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला.

"बाप माझा."

"पण इथं तर तुम्ही एकटेच राहता..."

"हां. हे शेत इकलं, त्याच वर्साला वारला त्यो." हिरूने तिसरा कप फडक्याने पुसला. "उन्हात लई येळ उभा आसंल."

चौकटीतला बांध आता रिकामा होता.

बाहेर पायरीच्या कडेला कुणीतरी पायांचा चिखल खरवडत होतं.