अण्णांच्या मापाची खुर्ची

अण्णांना कुठलीच खुर्ची मानवत नसे. बँकेतली लोखंडी, लग्नाच्या हॉलातली प्लास्टिकची, दातांच्या डॉक्टरची खालीवर होणारी, सगळ्यांशी त्यांचं वाकडं. दोष बिचाऱ्या खुर्च्यांचा नव्हता. तीस वर्षांपूर्वी मरोळच्या कारखान्यात ते शिडीवरून पडले, डावा पाय दोन बोटं आखूड झाला आणि कंबर एका बाजूला कलली ती कललीच. उभे असले की कुणाला कळायचं नाही, कारण डाव्या चपलेला जाड टाच लावून घेतली होती. बसले की मात्र पाच मिनिटांत चुळबुळ सुरू. नाटकाला गेले तर दुसरा अंक भिंतीला टेकून उभ्यानं बघत. "लोकांच्या पायाला भिंगरी असते, ह्यांच्या बुडाला आहे," असं त्यांची बायको म्हणायची.

बायको गेली. अण्णा, म्हणजे चंद्रप्रकाश साळसकर, चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले. घरात ते आणि मुलगी अनुपमा, दोघंच. अनुपमा चकाल्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट तपासायची. आकडा, त्याच्यापुढे किमान-कमाल, आणि बाहेर गेला तर तांबडी खूण. तिचा जगाशी व्यवहार असा सरळ होता. तिनं एक दिवस ठरवलं, बापाला आयुष्यात एकदा तरी नीट बसलेला बघायचं.

जोगेश्वरीला एका गल्लीत कुंडलिक मेस्त्रींचा गाळा होता. मालवणकडचे, पासष्टीचे, एका वेळी एकच वस्तू करणारे सुतार. खुर्चीसाठी ते टेप वापरत नसत. फणसाच्या लाकडाची ओबडधोबड खुर्ची उभी करत, बैठकीला, पाठीला आणि हातांना तेलात कालवलेला गेरू पातळ पुसत आणि गिऱ्हाइकाला जुन्या कपड्यांत बसवत. जिथे अंगाला टोचतं तिथला गेरू कपड्याला लागून येतो. तेवढंच तासायचं, परत गेरू लावायचा, परत बसवायचं. सगळीकडून गेरू सारखा उठायला लागला की खुर्ची जमली. साध्या माणसाला पाच-सहा बैठका लागत. अण्णांची कंबर बघून मेस्त्री म्हणाले, "ह्येंका पंधरा तरी लागतीत."

पहिल्या बैठकीला अनुपमा रजा टाकून बरोबर गेली. अण्णा त्या खडबडीत फळीवर बसले आणि कळवळून उठले. येताना रिक्षात कुरकुर चालूच. "तुला हौस भारी. अजून चौदा वेळा तिथे बसायचं? टोचतं गं ते."

"अण्णा, तुमच्यासाठीच करतेय ना? मला दर वेळी रजा नाही मिळणार. तुमचे तुम्ही जा. पस्तीस वर्षं कारखान्यात एकटे जात होतात ना?"

म्हणाली आणि विसरली. पुढच्या मंगळवारी अण्णा एकटे गेले. गेरूचे डाग पडलेला तोच पायजमा घालून ते बसनं जोगेश्वरीला उतरले. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकानाच्या कॅमेऱ्यात एक वाजून दहा मिनिटांनी दिसले. त्यापुढच्या झेरॉक्सवाल्याच्या कॅमेऱ्यात दिसले नाहीत. दोन दुकानांच्या मध्ये एक बंद शटर आणि एक पाण्याचा नळ, बस्स. पोलिसांनी ते शटर उघडवलं. आत रंगाचे रिकामे डबे होते.

पाच महिने गेले. अनुपमानं इस्पितळं पालथी घातली, शवागारांत जाऊन आली, फोटो चिकटवले. रात्री डोळे मिटले की तिला स्वतःचाच आवाज ऐकू यायचा, तुमचे तुम्ही जा. ऑगस्टमध्ये शेवटी तिनं मन घट्ट केलं आणि खुर्ची रद्द करायला मेस्त्रींना फोन लावला.

"रद्द कित्याक करतंस गो?" मेस्त्री म्हणाले. "सात-आठ बैठका झाल्यो. अण्णा येतत मा!"

अनुपमानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कधी येतात? मेस्त्री, कधी येतात?"

"दुपारचे. मी जेवूक जातंय तेव्हा. माका काय गावले नाय. पण इल्यावर बघतंय तर गेरू उठलेलो. माका वाटला, माणूस लाजता, कोणासमोर बसाक नको त्येंका."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"काय सांगाचा? घरातसून येतत असाच समाजलंय मी."

अण्णा हरवल्याचं मेस्त्रींना ठाऊकच नव्हतं. पोलीस गल्लीत विचारपूस करून गेले त्या आठवड्यात ते गावी होते, अनुपमाचा फोन तिथे लागला नव्हता, आणि गाळा बंद दिसला म्हणून तिनं पुन्हा विचारलंच नव्हतं. गल्लीत चिकटवलेला फोटो त्यांच्या डोळ्यांना लांबून धड दिसत नव्हता.

त्या दिवशी अनुपमा लॅबमधून कुणाला न सांगता निघाली. खुर्ची गाळ्याच्या मधोमध उभी होती, पिवळ्या लाकडावर तांबडा हात फिरवलेला. बैठकीच्या डाव्या बाजूला गेरू पार उठला होता, उजवीकडे नुसता पुसट. पाठीचा ठसा तिरपा. आणि खुर्चीच्या उजव्या हातावर चार बोटं पूर्ण उमटलेली, मधलं अर्धंच. प्रेस मशिननं अण्णांचं ते पेर अनुपमाच्या जन्माआधी नेलं होतं. तिनं त्या अर्ध्या बोटावर आपलं बोट ठेवलं आणि ती मोठ्यानं रडली. बाप जिवंत होता. कुठेतरी राहत होता, डोक्यावर परिणाम झाला असेल, घर आठवत नसेल, पण खुर्ची आठवत होती.

पोलीस चौकीतून एक हवालदार साध्या कपड्यांत दोन दुपारी समोरच्या ओट्यावर बसला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे गाळ्यात कुणी गेलं नाही. शटर अर्धं ओढलेलं होतं, आत शिरायचं तर माणसाला दुमडूनच जावं लागलं असतं. अण्णांना तर चपलेचा पट्टा लावायलासुद्धा वाकता येत नसे. हे अनुपमाच्या लक्षात आलं नाही असं नाही. तिनं ते बाजूला ठेवलं. दोन्ही दुपारी गेरू उठला होता.

तिसऱ्या दुपारी ती स्वतः आत बसली. मेस्त्रींनी ताजा गेरू लावला, शटर अर्धं ओढलं आणि ते जेवायला गेले. शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग चाललं होतं. पंखा करकरत होता, फणसाच्या भुश्श्याचा गोडसर वास होता. अनुपमा लाकडी घोडीवर बसून खुर्चीकडे बघत राहिली. शटरखालून उन्हाचा पट्टा आत आला होता. त्यात कुणाचे पाय आले नाहीत.

दीडच्या सुमारास खुर्चीचा मागचा डावा पाय एकदा वाजला. वजन आल्यावर वाजतो तसा.

"अण्णा?"

वेल्डिंग थांबलं. परत सुरू झालं. तिची पापणी लवली असेल तेवढीच. मान वळवली नाही, उठली नाही.

अडीचला मेस्त्री वाकून आत आले, खुर्चीपाशी गेले आणि म्हणाले, "बसान गेले."

गेरू उठला होता. अनुपमा दीड तास त्याच गेरूकडे बघत होती. तो कधी पुसला गेला, ते तिला सांगता आलं नाही.

मेस्त्रींनी बैठकीवर तळवा फिरवला. "आता दोनच जागी लागता. आणखी दोन बैठका, की झाली."

"झाली म्हणजे?"

"म्हणजे जमली."

"मग ते येतील ना?"

मेस्त्री तिच्याकडे बघेनात. "जमलेल्या खुर्चयेचा माप द्यायाक कोण येता, बाय?"

घरी अण्णांची वाट बघून काही उपयोग नव्हता, पोस्टर चिकटवून नव्हता. बापाला तिच्याकडे ओढून आणणारी जगात एकच गोष्ट होती, आणि ती दोन बैठकांत संपणार होती.

"मग तासू नका. आहे तशी ठेवा."

"टोचता म्हणान येतत ते. टोचत ठेवू त्येंका?"

"माझे वडील आहेत, मेस्त्री."

"म्हणानच सांगतंय. दोन दिवस दी. माणसाक सुखान बसान दी."

त्यांचं बरोबर होतं. हे अनुपमाला तेव्हाही कळलं, नंतरही कळत होतं. दुसऱ्या दिवशी तिनं टेम्पो आणून खुर्ची मरोळच्या घरी नेली, बरोबर गेरूचा डबाही. मेस्त्रींनी अडवलं नाही. टेम्पो निघाला तेव्हा ते शटर पूर्ण खाली ओढून आतच बसले.

खिडकीजवळ, जिथे अण्णा उभे राहून पेपर वाचायचे, तिथे तिनं खुर्ची मांडली. सकाळी गेरू लावून, दाराला कुलूप घालून ती लॅबमध्ये गेली. संध्याकाळी सातला कुलूप काढलं तर बैठकीवर ठसा. ती हरखली. त्या दिवसापासून घरात पुन्हा दोन माणसं झाली. सकाळी निघताना खुर्चीशेजारी चहाचा कप झाकून ठेवायची, आज लवकर येते म्हणून सांगायची. शेजारच्या रेवतीताई म्हणाल्या, "बरं वाटलं गं, सावरलीस." अनुपमा हसली.

चहा कुणी प्यायलेला नसे.

रविवारी ती दिवसभर खुर्चीसमोर बसली. ठसा पडला. ती "अण्णा, बोला ना," म्हणत राहिली. नुसता मागचा पाय वाजला.

एवढ्यावर भागलं असतं. पण महिन्याभरात फणसाचं ते कच्चं लाकूड बसून बसून आपोआप झिजायला लागलं आणि गेरू सगळीकडून जवळजवळ सारखा उठायला लागला. एका संध्याकाळी ठसा अगदी पुसट होता. दुसऱ्या दिवशी नव्हताच. अनुपमा त्या रात्री जेवली नाही. सकाळी तिनं सागाची एक पातळ पट्टी आणली, डाव्या बाजूला, बरोबर हाड टेकतं तिथे, सरसानं चिकटवली आणि वर गेरू लावला.

संध्याकाळी ठसा होता. पट्टीवरचा गेरू पार निघालेला.

"माफ करा हं," ती म्हणाली. आणि चहा झाकून ठेवला.

मग ठसे बदलले.

पूर्वी खुर्चीच्या हातांवर बोटं नुसती टेकलेली असत. आता ती आवळलेली दिसू लागली. गेरूखालच्या लाकडात खळगे पडले. पाठीवरचा ठसा नाहीसा झाला, म्हणजे माणूस टेकत नव्हता. पुढच्या कडेला तेवढा गेरू उठलेला असे, अर्धवट उठून बसल्यासारखा.

अनुपमा रोज ते बघायची. रोज ठरवायची, उद्या पट्टी काढू. उद्या मेस्त्रींना बोलावू, पंधरा मिनिटांचं काम. सकाळ झाली की गेरूचा डबा उघडायची.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती घरी आली. खुर्चीखाली लाकडाचे बारीक कुरळे काप पडले होते. रंध्याचे नव्हते, त्यापेक्षा बारीक. तिनं वाकून बघितलं.

सागाची पट्टी एका बाजूनं निम्मी खरवडलेली होती. वर उभे ओरखडे, एकाशेजारी एक. एका ओरखड्यात नखाचा तुकडा अडकला होता.

पलीकडून अण्णाही खुर्ची जमवत होते.

तिनं नख चिमटीनं काढून देव्हाऱ्यात ठेवलं. काप झाडून घेतले. मग बराच वेळ खुर्चीसमोर जमिनीवर बसून राहिली. "दुखतं का हो फार?" तिनं विचारलं. तिला उत्तर ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी लॅबला सुट्टी होती. ती लाकडाच्या वखारीत गेली. दार झेंडूच्या तोरणानं सजलं होतं, करवतीची पूजा झाली होती. मालकानं तिच्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि काय हवंय म्हणून विचारलं.

"एक पट्टी हवीय. एवढीशी. सागाची नको."

"मग?"

"नखानं खरवडत नाही असं कुठलं लाकूड आहे?"

मालक हसला. कुत्रं पाळलंय वाटतं, म्हणाला. मागून एक काळपट तुकडा आणून त्यानं फळीवर ठेवला. "शिसव घ्या. खिळासुद्धा धड जात नाही हिच्यात."

अनुपमानं आपलं नख त्यावरून जोर देऊन ओढलं. काहीच उमटलं नाही.

"द्या," ती म्हणाली. "दोन द्या."